पीसीओएस असताना झोप कशी तपासायची: श्वास, पाय, निद्रानाश आणि साखर

पीसीओएस, म्हणजे पाळी आणि संप्रेरकांचं गणित बिघडवणारा बीजकोशांचा आजार. त्याचं निदान झालं की तपासण्यांची यादी साधारण ठरलेली असते: सोनोग्राफी, संप्रेरकं, थायरॉइड, साखर. झोपेचा विषय निघालाच तर 'लवकर झोपत जा' एवढ्यावर मिटतो. सल्ला चुकीचा नाही, पण बहुतेकींच्या उपयोगाचा नाही. जिचा श्वास रात्रभर अडतो ती नऊला झोपली तरी सकाळी थकलेलीच उठणार. जिचे पाय अंथरुणाला टेकले की वळवळायला लागतात, ती लवकर आडवी झाली तर तेवढा जास्त वेळ तळमळणार. आणि निद्रानाश असलेलीला लवकर अंथरुणात पाठवणं म्हणजे तिचा त्रास वाढवणं.

म्हणून आधी बिघाड कोणता ते ओळखायचं, तेही क्रमाने: पहिल्यांदा श्वास, मग पाय, मग निद्रानाश. या क्रमाला कारण आहे. श्वासाचा त्रास न तपासता झोपेची गोळी सुरू केली, तर काही गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात आणि श्वास जास्तच अडतो. निद्रानाशावरच्या उपचारात अंथरुणातला वेळ मुद्दाम कमी करतात; आधीच दिवसा पेंगणाऱ्या बाईला तो लावला तर ती गाडी चालवताना डोळा लावून बसेल.

संबंध नेमका कुठे लागतो

पीसीओएसमध्ये अनेक महिने स्त्रीबीज बाहेर पडत नाही. ते पडलं नाही की त्यानंतर तयार होणारं प्रोजेस्टेरॉनही तयार होत नाही, आणि हे संप्रेरक श्वसनाला चालना देणारं आहे. त्यात पुरुषी संप्रेरकं वाढलेली आणि चरबी पोटाभोवती साठलेली. त्यामुळे झोपेत घसा मिटून श्वास अडण्याचा आजार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, पीसीओएस असलेल्या स्त्रियांमध्ये जास्त आढळतो. २००१ मध्येच हे दाखवणारे अभ्यास प्रसिद्ध झाले होते. मोनॅश विद्यापीठाच्या पुढाकाराने निघालेल्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना तर स्पष्टच सांगतात की हा धोका वजनावर अवलंबून नाही. बारीक आहे म्हणून घोरण्याकडे दुर्लक्ष करायचं कारण नाही.

उलट दिशेनेही गाडी चालते. श्वास अडला की रक्तातला ऑक्सिजन खाली जातो, शरीर दचकून जागं होतं आणि ताणाची संप्रेरकं सुटतात. रात्रभर हे चाललं की इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावतो. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. ते बीजकोशाला जास्त अँड्रोजन (पुरुषी संप्रेरकं) बनवायला लावतं आणि यकृतात तयार होणारं एसएचबीजी (टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन) कमी करतं, म्हणजे रक्तात मोकळं फिरणारं टेस्टोस्टेरॉन आणखी वाढतं.

श्वास न अडताही नुसती झोप बिघडून हे होतं का? होतं. शिकागो विद्यापीठात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निरोगी तरुण-तरुणींना तीन रात्री हलक्या आवाजांनी गाढ झोपेतून वर आणलं, पूर्ण जागं न करता. झोपेचे एकूण तास तेवढेच राहिले, तरी इन्सुलिनची परिणामकारकता सुमारे पाव हिश्शाने घटली. त्यामुळे 'आठ तास तर झोपते' हे उत्तर पुरेसं नाही. असे प्रयोग थोड्या लोकांवर आणि थोड्या दिवसांसाठी होतात, एवढं मात्र लक्षात ठेवून ते वाचावेत.

दोन आठवड्यांची डायरी

डॉक्टरांकडे जाण्याआधी १४ दिवस लिहून काढा. अ‍ॅप नको, साधी वही बरी. कारण अ‍ॅप झोपेचे टप्पे अंदाजाने सांगतं आणि त्या अंदाजाचीच चिंता लागते. रोज सकाळी, उठल्यावर अर्ध्या तासात लिहायचं: अंथरुणात किती वाजता गेलात, झोप लागायला अंदाजे किती वेळ गेला, मध्ये किती वेळा जाग आली आणि एकूण किती मिनिटं जागं राहिलात, लघवीला किती वेळा उठलात, शेवटची जाग कधी, अंथरूण कधी सोडलं. घड्याळ बघून लिहू नका, अंदाजच हवा. रात्री घड्याळ बघायची सवय लागली की निद्रानाशाला खतपाणी मिळतं. त्याच ओळीत पाळीचा दिवस, शेवटची कॉफी किंवा चहा किती वाजता घेतला आणि औषधांच्या वेळा.

एक रकाना वेगळा ठेवा: दिवसा 'झोप येत होती' की 'गळून गेल्यासारखं वाटत होतं'. दोन्हींना आपण थकवाच म्हणतो, पण तपासणीत फरक पडतो. बसल्या जागी डोळे मिटत असतील तर श्वासाकडे आधी बघायचं. अंग गळून गेलंय, पण आडवं पडून झोप लागत नाही, अशी तक्रार असेल तर निद्रानाश, रक्तक्षय, थायरॉइड आणि नैराश्य यांचा विचार करायला हवा. पीसीओएसमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त प्रमाणात आढळतात, त्यामुळे हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही तर आपण काढावा.

डायरीतून झोपेची कार्यक्षमता काढता येते. झोपेची मिनिटं भागिले अंथरुणातली मिनिटं, गुणिले १००. रात्री ११ ते सकाळी ७ अंथरुणात, म्हणजे ४८० मिनिटं. त्यात झोप ३४० मिनिटं. उत्तर सुमारे ७१ टक्के. ८५ च्या वर असेल तर ठीक. हा आकडा पुढे लागणार आहे.

श्वास: प्रश्नावलीवर विसंबू नका

घोरणं, आणि त्यासोबत सकाळी ताजंतवानं न वाटणं किंवा दिवसा झोप येणं, एवढं असलं तरी पुढची तपासणी मागायला पुरे. सकाळची डोकेदुखी, कोरडा घसा, रात्री दोनतीनदा लघवीला उठणं, गुदमरून जाग येणं हेही सांगा. एकटीच झोपत असाल तर उशाशी फोन ठेवून दोनतीन रात्री आवाज रेकॉर्ड करा. घोरणं, मग काही सेकंद शांतता, मग फुरकन श्वास, असा क्रम ऐकू आला तर ती क्लिप डॉक्टरांना ऐकवा.

दवाखान्यात बहुधा स्टॉप-बँग ही प्रश्नावली भरून घेतात. त्यात आठपैकी गुण मिळतात, आणि पुरुष असणं, वय ५० च्या वर असणं, बीएमआय ३५ च्या वर असणं यांना प्रत्येकी एक. पंचविशीतल्या मुलीचे पहिले दोन गुण तिथेच गेले. तिचा एकूण आकडा कमी आला म्हणून धोका कमी असं मानणं चूक आहे. बर्लिन प्रश्नावली घोरणं, दिवसाची झोप आणि रक्तदाब-वजन असे तीन गट बघते, ती इथे जास्त सोयीची. एपवर्थ या दिवसाच्या झोपेच्या प्रश्नावलीत डोळा लागू शकेल असे आठ प्रसंग असतात, प्रत्येकी ० ते ३ गुण. बेरीज १० च्या वर गेली की दिवसाची झोप जास्त समजतात. पण एपवर्थ कमी आला म्हणून अ‍ॅप्निया नाही असं होत नाही. बऱ्याच बायका 'झोप येते' असं म्हणत नाहीत, 'दमते' म्हणतात, आणि एपवर्थ दमण्याबद्दल विचारतच नाही.

खरी तपासणी म्हणजे स्लीप स्टडी. १० सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबणं किंवा बराच मंदावणं, अशा घटना तासाला सरासरी किती, हा त्यातला मुख्य आकडा: एएचआय. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र.

घरी करायच्या चाचणीत एक गोम आहे. त्यात मेंदूच्या लहरी मोजत नाहीत, त्यामुळे तुम्ही खरोखर किती वेळ झोपलात ते यंत्राला कळत नाही. ते रेकॉर्डिंगच्या एकूण तासांनी भागतं. समजा ३० घटना झाल्या, यंत्र ७ तास चालू होतं आणि झोप ५ तासांची. यंत्र सांगेल ४.३, म्हणजे 'नॉर्मल'. प्रत्यक्षात आकडा ६ आहे. शिवाय काही वेळा श्वास अडतो, ऑक्सिजन फारसा न उतरता जाग येते. अशा घटना घरच्या चाचणीत निसटतात, आणि स्त्रियांमध्ये त्या जास्त असतात. म्हणून घरची चाचणी नॉर्मल आली आणि लक्षणं कायम असतील, तर प्रयोगशाळेतली रात्रभराची तपासणी मागायचीच. मनगटावरच्या घड्याळाचा ऑक्सिजन निदानासाठी धरू नका.

चाचणीच्या रात्री मद्य नको, ऑक्सिमीटर लावायच्या बोटाचं नेलपॉलिश काढा, नेहमीची औषधं मनाने बंद करू नका. रिपोर्ट हातात आला की फक्त सरासरी एएचआय बघून थांबू नका. आरईएम झोपेतला (स्वप्नं पडतात त्या टप्प्यातला) आकडा वेगळा विचारा, पाठीवर झोपलेलं असतानाचा वेगळा विचारा, आणि ऑक्सिजन कमीत कमी कितीवर गेला ते बघा. सरासरी ८ असलेल्या बाईचा आरईएममधला आकडा ३० असू शकतो. त्या रात्री आरईएम झोप लागलीच नसेल, तर तो रिपोर्ट अर्धवट समजावा.

सीपॅप लागला तर

मध्यम किंवा तीव्र अ‍ॅप्नियात साधारणपणे सीपॅप देतात: मास्कमधून सतत हलक्या दाबाने हवा, म्हणजे घसा मिटत नाही. पीसीओएस असलेल्या तरुण, स्थूल स्त्रियांवर शिकागोतच झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठ आठवड्यांच्या सीपॅपने इन्सुलिनचा प्रतिसाद सुधारला, दिवसाचं नॉरएपिनेफ्रिन (ताणाचं संप्रेरक) आणि खालचा रक्तदाब उतरला. सुधारणा माफक होती आणि जिने रात्री जास्त तास लावला तिला जास्त. सीपॅपने वजन उतरेल ही अपेक्षा मात्र ठेवू नका. उलट थोडं वाढू शकतं. पाळी नियमित होईल असंही वचन कोणी देऊ नये.

सर्वात जास्त नुकसान करणारी चूक पहाटेची आहे. झोपताना मास्क लावला, तीनला जाग आली, काढून ठेवला. आकडेवारीत 'चार तास वापर' दिसतो आणि सगळे खूश. पण आरईएम झोप रात्रीच्या उत्तरार्धात दाटते, आणि श्वास तिथेच जास्त अडतो. म्हणजे उपचार नेमका गरजेच्या वेळी बंद. लघवीला उठल्यावर मास्क डोक्यावर ठेवून फक्त नळी सोडवायची आणि आल्यावर पुन्हा जोडायची, एवढी सवय लावली तरी बराच फरक पडतो.

मास्क कोंडल्यासारखा वाटत असेल तर आठवडाभर दिवसा, जागेपणी, वाचत बसून १५-२० मिनिटं लावा. डोळ्यांवर वारा येत असेल तर पट्टे आणखी आवळू नका. आधी आडवं होऊन, हवा चालू ठेवून मास्क चेहऱ्यापासून किंचित उचला आणि पुन्हा बसवा. बसून, बंद यंत्रावर घातलेला मास्क आडवं झाल्यावर सरकतो. तोंड कोरडं पडत असेल तर आधी नाक चोंदलंय का बघा, मग ह्युमिडिफायर वाढवा. गळती थांबत नसेल तर माप चुकलंय, मास्क बदलून घ्या.

पाय: फेरिटिनचा आकडा

संध्याकाळनंतर, बसल्यावर किंवा आडवं झाल्यावर पाय हलवावेसे वाटतात, चालल्यावर बरं वाटतं: हे रेस्टलेस लेग्ज. पीसीओएसशी याचा दुवा बहुधा लोहातून जातो. महिनोन्‌महिने पाळी न येता मग भरपूर रक्तस्राव झाला की लोहाचा साठा संपतो. हिमोग्लोबिन नॉर्मल असलं तरी साठा रिकामा असू शकतो, म्हणून फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी चाचणी) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून वाहून नेलं जाणारं लोह) तपासायचं. सकाळी, उपाशीपोटी, आणि लोहाची गोळी आदल्या दिवशी न घेता. या आजारात फेरिटिन ७५ किंवा त्याखाली असेल तर लोह देण्याचा विचार करतात. प्रयोगशाळेच्या कागदावर खालची मर्यादा त्याहून खूप कमी छापलेली असते, त्यामुळे २२ हा आकडा 'नॉर्मल' म्हणून सुटून जातो. ताप किंवा सूज असताना फेरिटिन खोटं वाढतं, तेव्हा तपासू नका.

मेटफॉर्मिन (साखरेवरची गोळी) बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ ही बघा. त्याच्या कमतरतेने पायांत मुंग्या येतात, पण त्या चालल्यावर थांबत नाहीत.

निद्रानाश

आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री, तीन महिने, असं चाललं असेल तर तो जुना निद्रानाश. त्याचा पहिला उपचार गोळी नाही, सीबीटी-आय (झोपेच्या सवयी आणि विचार बदलणारा, गोळीविना उपचार) आहे, आणि त्याचा कणा म्हणजे अंथरुणातला वेळ कमी करणं.

डायरीतून सरासरी झोप काढा. वरच्या उदाहरणात ती ५ तास ४० मिनिटं. उठायची वेळ पक्की करा, समजा ६:३०. तिथून मागे मोजलं की अंथरुणात जायची वेळ येते १२:५०. त्याआधी जायचं नाही, सुट्टीच्या दिवशीही ६:३० लाच उठायचं. पाच तासांच्या खाली कधीच जाऊ नका. आठवड्याने कार्यक्षमता ८५ टक्क्यांच्या वर गेली की झोपायची वेळ १५ मिनिटांनी अलीकडे आणा. नाही तर आहे तिथेच राहा. अंथरुणात २० मिनिटं झोप लागली नाही असं वाटलं तर उठून मंद उजेडात दुसरीकडे बसा, झोप आली की परत या. पहिले दहाबारा दिवस त्रासाचे जातात आणि बहुतेक जणी तिथेच सोडतात. बायपोलर आजार, फिट्स, उपचार न झालेला अ‍ॅप्निया किंवा रोजचं लांबचं ड्रायव्हिंग असेल तर हे स्वतःहून करू नका.

झोप चांगली लागते, पण पहाटे दोनतीनला, आणि सुट्टीत दहापर्यंत छान होते, असं असेल तर तो निद्रानाश नाही, शरीराचं घड्याळ उशिरावर सरकलंय. तिथे उठल्याबरोबर अर्धा तास बाहेरचा उजेड घेणं जास्त कामाचं.

साखर: फक्त उपाशीपोटीची पुरत नाही

पीसीओएसमध्ये उपाशीपोटीची साखर चांगली आणि ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी बिघडलेली, असं वरचेवर होतं. म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी सर्वात भरवशाची. आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवा, दिवसाला किमान १५० ग्रॅम कर्बोदकं. 'चाचणी आहे म्हणून' भात-पोळी बंद केली तर साखर उलट खोटी वाढलेली दिसते. रात्रीपासून किमान आठ तास उपाशी. द्रावण पाच मिनिटांत संपवा, दोन तास बसून राहा. दोन तासांनंतर १४० च्या खाली ठीक, १४० ते १९९ मधुमेहाच्या उंबरठ्यावर, २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेह. आदली रात्र जागून काढली असेल तर चाचणी पुढे ढकला. एका रात्रीच्या तुटपुंज्या झोपेनेही इन्सुलिनचा प्रतिसाद घसरतो.

एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी चाचणी) सोपी, पण लोह कमी असेल तर ती जास्त दाखवते. फेरिटिनचा आकडा इथेही उपयोगी पडतो. इन्सुलिन मोजून होमा (इन्सुलिनचा प्रतिसाद किती मंदावलाय याचा अंदाज) काढायची फॅशन आहे. रोजच्या उपचारात त्याने निर्णय बदलत नाही, आणि मार्गदर्शक सूचनाही त्याची शिफारस करत नाहीत. ते पैसे लिपिड प्रोफाइलला घाला. साखर निदानाच्या वेळी आणि मग धोक्याप्रमाणे दर एक ते तीन वर्षांनी, रक्तदाब दर वर्षी. कंबर मोजताना शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. ८० सेंटिमीटरच्या वर गेली की लक्ष द्यायचं.

औषधांच्या वेळा

गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना कॅफीन शरीरातून निघायला जवळपास दुप्पट वेळ लागतो. आधी चारची कॉफी चालायची, गोळी सुरू झाल्यावर तीच झोप उडवते. दुपारी बाराच्या आत संपवा. अँड्रोजनची तपासणी करायची असेल तर ही गोळी किमान तीन महिने बंद लागते, आणि त्या काळात दुसरं गर्भनिरोधक. स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी संप्रेरकांचा परिणाम कमी करणारं औषध) सकाळी घ्या. संध्याकाळी घेतलं तर लघवीला उठणं वाढतं आणि ते उगाच अ‍ॅप्नियाच्या खात्यात जमा होतं.

टिर्झेपॅटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये स्थूल व्यक्तींमधल्या मध्यम ते तीव्र अ‍ॅप्नियासाठी मान्यता मिळाली. ते गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी करतं. सुरू केल्यावर चार आठवडे आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर पुन्हा चार आठवडे दुसरा उपाय वापरायचा. वजन उतरलं की स्त्रीबीज पुन्हा बाहेर पडू लागतं, हेही विसरू नका. 'मला कुठे दिवस राहणार' या समजुतीवर अनेक जणी इथे फसतात.

गर्भधारणा हवीच असेल तर आधी, किंवा राहिल्यावर २० आठवड्यांच्या आत, ग्लुकोजची चाचणी करून घ्या आणि २४ ते २८ आठवड्यांदरम्यान पुन्हा. सीपॅप गरोदरपणात बंद करायचा नाही. वजन वाढेल तसा दाब बदलून घ्यावा लागतो, त्यामुळे नाव नोंदवताना झोपेच्या तपासणीचा जुना रिपोर्ट फाइलमध्ये ठेवा.